आहार, चयापचय आणि गावाचे आरोग्य

पुणे-सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी मागे पडली, की पुढे मोडनिंब लागते. माढा तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. १९०६ साली बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गेला, आणि हे गाव वारकऱ्यांच्या व व्यापाऱ्यांच्या वाटेवर आले. भोवतीचा मुलूख अवर्षणप्रवण आहे. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे साडेपाचशे मिलिमीटर असून, त्याचाही भरवसा नाही. अशा मुलखात ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, शेंगांची चटणी आणि रानातली पालेभाजी यांवर पिढ्यान् पिढ्या वाढल्या. आज त्याच बाजारपेठेत निराळ्या प्रकारचा माल दिसू लागला आहे. अंगातील चरबी जाळून टाकणारी पूड, चयापचय वाढविणारा काढा, महिन्यात वजन उतरविणारा चहा, अशी त्यांची जाहिरात असते आणि अशा डब्यांची किंमत पुष्कळदा शेतमजुराच्या अनेक दिवसांच्या मजुरीएवढी असते.

तेव्हा एक साधा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. चयापचय वाढविणारे अन्न म्हणून खरोखर काही असते काय? असल्यास ते कोणते, आणि त्याचा गुण किती? या प्रश्नाचे उत्तर शास्त्राजवळ आहे, आणि ते मोडनिंबच्या स्वयंपाकघरापासून फार दूर नाही.

चयापचय म्हणजे काय?

खाल्लेल्या अन्नाचे शरीरात दोन प्रकारांनी रूपांतर होते. त्यातून नवे पेशीजाल, रक्त, स्नायू बांधले जातात, हा झाला चय. अन्नाचे व साठ्याचे विघटन होऊन उष्णता व शक्ती निर्माण होते, हा झाला अपचय. या दोन्ही व्यापारांना मिळून चयापचय म्हणतात. आपल्या पूर्वसूरींनी जठराग्नी हा शब्द योजला. पाश्चात्त्य देशांत अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील लाव्हाझिए याने लाप्लास याच्या साह्याने बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. दोन वेगवेगळ्या परंपरांना अग्नीचीच उपमा सुचली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या अग्नीचा हिशेब उष्मांकांत मांडतात. दिवसाकाठी सुमारे दोन हजार उष्मांक खर्च करणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. त्यातील साठ ते सत्तर टक्के उष्मांक तो स्वस्थ पडून असला तरी खर्च होतातच. हृदय धडधडते, फुप्फुसे चालतात, यकृत, मूत्रपिंडे व मेंदू अहोरात्र काम करीत असतात. एकटा मेंदू या स्थिर खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा घेतो. यास मूलभूत चयापचय म्हणतात. सुमारे दहा टक्के उष्मांक अन्न पचविण्यात व शोषून घेण्यात खर्च होतात. उरलेला भाग चालणे, खुरपणे, पाणी वाहणे, खेळणे अशा हालचालींचा. हा तिसरा भाग माणसागणिक फार बदलतो. दिवसभर कार्यालयात बसणाऱ्याचा तो अल्प, तर ऊसतोडणी करणाऱ्याचा फार मोठा असतो.

जाहिरातदार ज्या अन्नाची भलावण करतात, त्याचा प्रभाव पडावयाचा तो प्रामुख्याने मधल्या दहा टक्क्यांवर. आरंभीच ही मर्यादा ध्यानात घेतली, तर पुढील पुष्कळ भ्रम आपोआप दूर होतात.

अन्नाने उष्णता किती वाढते?

जेवणानंतर शरीराची उष्णता वाढते, आणि ती वाढ अन्नाच्या प्रकारानुसार कमीअधिक असते, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुबनर याने विसाव्या शतकाच्या आरंभी सप्रमाण दाखविले. स्निग्ध पदार्थांतून मिळणाऱ्या शंभर उष्मांकांपैकी फार तर तीन उष्मांक त्यांच्या पचनात खर्ची पडतात. पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत पाच ते दहा, आणि प्रथिनांच्या बाबतीत वीस ते तीस उष्मांक खर्च होतात. याचा अर्थ असा, की चयापचयाला त्यातल्या त्यात चालना देणारे अन्न कोणते असे विचारल्यास, डाळी, कडधान्ये, दूध, ताक, अंडी, मासे व मांस हेच उत्तर द्यावे लागते. प्रथिनांनी भूकही अधिक वेळ भागते.

आता मिरचीकडे वळू. सोलापूरकडील ठेचा खाल्ल्यावर घाम फुटतो, म्हणून चरबी जळाली असे पुष्कळांस वाटते. मिरचीतील कॅप्सेसिन या तिखट द्रव्यामुळे उष्णता थोडा वेळ किंचित वाढते, हे खरे. परंतु ही वाढ इतकी अल्प असते, की एखादा जादा घास ती भरून काढतो.

चहा-कॉफीची गोष्टही तशीच. सुमारे शंभर मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेल्यास पुढील दोन-अडीच तास विश्रांतीच्या अवस्थेतील चयापचय तीन ते चार टक्क्यांनी वाढतो. एवढ्या वेळात स्वस्थ बसलेला माणूस सुमारे दीडशे उष्मांक खर्च करतो. त्याचे चार टक्के म्हणजे सहा उष्मांक झाले. त्याच चहात घातलेली एक चमचा साखर वीस उष्मांक देते! दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याच्या पोटात त्या साखरेपायी दोनशे उष्मांक जातात. सबंध दिवसाचे अन्न पचविण्यास लागणारी शक्ती साधारण एवढीच असते. थंड पाणी, आले, दालचिनी, लिंबू-मध यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. हे पदार्थ रुचीसाठी घ्यावेत. त्यांवर औषधाचा भार घालू नये.

चयापचय जोराने वाढविणारे द्रव्य माणसाने शोधले नाही, असे मात्र नाही. डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन १९३३ पासून अमेरिकेत वजन उतरविण्यासाठी वापरले जाऊ लागले. त्याने चयापचय खरोखर वाढे आणि वजनही उतरे. पण काहींना मोतीबिंदू झाला, काही जण अंगातील उष्णता आवरेनाशी होऊन दगावले. १९३८ मध्ये तेथे या वापरास बंदी करावी लागली. वजन उतरविण्याच्या औषधात वापरले जाणारे सिब्युट्रामिन हे द्रव्य हृदयास घातक ठरल्याने भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. तरीही वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडींत ते गुपचूप मिसळलेले आढळल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. यास्तव घटकद्रव्यांचा स्पष्ट उल्लेख व परवाना क्रमांक नसलेल्या पुडीपासून गावाने चार हात दूर राहावे, हे उत्तम.

अर्धपोटी देहाचा हिशेब

वजन उतरावे म्हणून जेवण टाळणारे आजकाल वाढले आहेत. त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक लोक नाइलाजाने अर्धपोटी राहत आले. दोघांच्याही देहात एकच क्रिया घडते. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना दररोज सुमारे सोळाशे उष्मांकांचे अन्न देण्यात आले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटले. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की त्यांचा मूलभूत चयापचय सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आला. नाडी मंदावली, अंग गार पडू लागले, कामात मन लागेना. देहाने आपली चूल मंद केली होती. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर चरबी आधी भरून आली, गमावलेले स्नायू मागाहून आले.

महाराष्ट्राला या प्रयोगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात रब्बीचे पीक हातचे गेले आणि सोलापूर जिल्ह्यास त्याची मोठी झळ पोहोचली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष मजूर होते. त्या कामांवर सुकडी वाटली गेली, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. खडी फोडणाऱ्या स्त्रीला दिवसाला किती अन्न हवे, हा प्रश्न त्या वेळी ग्रंथातला राहिला नव्हता.

या प्रश्नावर पुढे जो वाद झाला, त्यातील प्रमुख व्यक्ती महाराष्ट्राच्याच होत्या. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम केले आणि निवृत्तीनंतर पुण्यास संशोधन चालू ठेवले. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, आणि काही मर्यादेत शरीर कमी अन्नात आपले काम काटकसरीने भागविते, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रा. वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा ठरविताना २२५० उष्मांकांचे प्रमाण घेतले होते. त्यांनी सुखात्मे यांचे म्हणणे अमान्य केले. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी निराळ्या अंगाने हरकत घेतली. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते खरे, पण त्याची किंमत खुजा बांधा, मंद हालचाल व घटलेली कार्यशक्ती या रूपाने मोजावी लागते, असे त्यांनी बजावले.

हा वाद आजही मननीय आहे. सुखात्मे यांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला होता. पिण्याचे पाणी दूषित असेल आणि मूल वारंवार हगवणीने आजारी पडत असेल, तर त्याला दिलेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून पोषणाचा विचार करताना पाणी व स्वच्छता यांना वगळता येत नाही. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचा आणि घरातील ताटाचा संबंध तो असा.

बारीक अंगातील चरबी

दोन माणसांचे वजन सारखे असले, तरी त्यांच्या देहाची घडण सारखी असते असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपली व जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याची मोजमापे शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर मातांचा अभ्यास हाती घेतला होता. तेथे जन्मलेली बालके वजनाने इंग्लंडमधील बालकांपेक्षा पुष्कळ हलकी होती. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे बैठे काम व पिष्टमय आहार वाट्यास आला, की अशा देहात मधुमेहाला सहज शिरकाव मिळतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आशादायक आहे. ज्या माता गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बालके जन्मतः अधिक चांगल्या वाढीची होती. भावी पिढीच्या चयापचयाचा पाया आईच्या ताटात घातला जातो, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

वयाबरोबर चयापचय मंदावतो, अशी समजूत सार्वत्रिक आहे. २९ देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार व घडण लक्षात घेता, विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत चयापचय जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसून आले. चाळिशीत पोट सुटते ते चूल मंदावल्यामुळे नव्हे. हालचाल कमी होते आणि खाणे तेवढेच राहते किंवा वाढते, हे त्याचे अधिक सयुक्तिक कारण होय. स्नायूंना काम मिळाले तर ते टिकतात, आणि टिकलेले स्नायू विश्रांतीतही चरबीपेक्षा अधिक शक्ती खर्च करतात. म्हणून चयापचयाचा खरा रक्षक शोधावयाचा असेल, तर तो पुरेशी प्रथिने आणि नित्य श्रम यांच्या जोडीत सापडतो.

घरच्या अन्नाचा हिशेब

मोडनिंबच्या परिसराने यासाठी दूरवर पाहण्याचे कारण नाही. शेजारच्या मोहोळ येथील संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी देशाच्या कोरडवाहू पट्ट्यात सर्वतोमुखी झाली. कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन सोलापुरात १९३३ सालीच सुरू झाले होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने पाळले. ते पाळण्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी ज्वारीवर जगत होती.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने व सुमारे दहा ग्रॅम तंतुमय भाग असतो. मात्र लायसिन या आवश्यक घटकाची तीत उणीव असते. कडधान्यांत तो घटक भरपूर असतो. म्हणून भाकरीसोबत मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, तुरीचे वरण किंवा झुणका ही जोडी केवळ रुचीची नाही. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम, तर शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात.

साठ किलो वजनाच्या प्रौढास दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने हवीत, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींवरून ठरते. हिशेब करून पाहू. दिवसभरातील भाकऱ्यांना तीनशे ग्रॅम पीठ धरल्यास तीस ग्रॅम प्रथिने झाली. साठ ग्रॅम कडधान्य वा डाळीतून तेरा ग्रॅम, मूठभर, म्हणजे पंचवीस ग्रॅम, शेंगदाण्यांतून सहा ग्रॅम, आणि एक पेला दुधातून सहा ग्रॅम. बेरीज पंचावन्न. यात महागड्या डब्याचा एक चमचाही नाही. याउलट तेवढीच भाकरी नुसत्या ठेच्याबरोबर खाल्ली, तर गणित तिसाच्या आसपास थांबते, आणि त्यातही लायसिनची उणीव राहते. भाकरी तीच, पण शेजारी काय आहे यावर फरक पडतो. अंडी खाणाऱ्या घरात एका अंड्याने आणखी सहा ग्रॅमची भर पडते.

पंढरपूर जवळ असल्याने या भागात एकादशी निष्ठेने पाळली जाते. उपवासाच्या दिवशी पोट हलके राहावे, असा हेतू असतो. प्रत्यक्षात साबुदाण्यावर भर पडतो. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदातील जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्यात प्रथिने नाममात्र असतात. खिचडीस थोडे मोल येते ते शेंगदाण्याच्या कुटामुळे. उपवासाला राजगिराही चालतो, आणि शंभर ग्रॅम राजगिऱ्यात सुमारे चौदा ग्रॅम प्रथिने, शिवाय चुना व लोह असते. राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी आणि एखादे फळ, असा फराळ व्रतास बाध न आणता देहास उपकारक ठरेल. मधुमेहींनी उपवास करण्यापूर्वी वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

लोह आणि आयोडीन

चूल पेटण्यास सरपण लागते, तसा वाराही लागतो. प्राणवायू पेशीपर्यंत पोहोचविण्याचे काम रक्तातील लोहयुक्त द्रव्य करते. लोह कमी पडले, तर पोटभर जेवूनही थकवा जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. धुरकट स्वयंपाकघरात सर्वांच्या मागून जेवणारी, उरलेसुरले खाणारी स्त्री आळशी दिसत असेल, तर तिचे रक्त तपासावे.

पालेभाज्या, कडधान्ये, तीळ, बाजरी यांत लोह आहे, पण वनस्पतीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास शोषण सुधारते. कडधान्यांना मोड आणल्यासही लाभ होतो. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. जेवण व चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे, एवढी एक सवय गावाने लावून घेतली, तरी एक पैसा खर्च न होता लाभ होईल. रक्तक्षय तीव्र असल्यास मात्र आहारावर विसंबून न राहता आरोग्य केंद्रातून गोळ्या घेणे आवश्यक असते.

चुलीची आच कमीअधिक करण्याचे काम गळ्यातील अवटू ग्रंथीकडे आहे, आणि तिचे संप्रेरक तयार होण्यास आयोडीन लागते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ पुरवून गलगंडाचे प्रमाण घटविता येते, हे सिद्ध केले. त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास देशात २००६ पासून बंदी आहे. आयोडीनची गरज अत्यल्प असते. गरजेपेक्षा अधिक आयोडीन घेतल्याने चयापचय वाढत नाही, उलट अपाय संभवतो. दिवसाकाठी एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, आणि ते झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे.

ग्रामपंचायत, शाळा आणि अंगणवाडी

या सर्व ज्ञानाचे गावाच्या व्यवहारात रूपांतर कसे होईल? त्यासाठी नवी योजना मागण्यापूर्वी हाती असलेल्या योजनांकडे पाहणे इष्ट ठरेल.

शालेय पोषण आहार आता प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालतो. प्राथमिक शाळेतील मुलामागे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरले आहे. प्राथमिकच्या मुलामागे २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असावी लागते. आमटी पातळ झाली, की या प्रमाणातील प्रथिनेच पहिल्यांदा गळतात. मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा तराजू घेऊन डाळ समक्ष मोजावी. भात मोजणारे पुष्कळ असतात. शाळेच्या परसबागेत शेवग्याची दोन झाडे, तांदुळजा, घोळ व लिंबू लावल्यास भाजीची उणीव बरीच भरून निघेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. गरोदर मातांच्या पोषणाचे महत्त्व वर सांगितलेच आहे. अंगणवाडीतून मिळणारा आहार त्या मातेच्या ताटात पडतो की घरात वाटला जातो, याची चौकशी सेविकेने सहानुभूतीने करावी. ग्रामपंचायतीस आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. हा निधी समारंभात न घालविता रक्तक्षयाच्या तपासणीसाठी, परसबागांच्या बियाण्यासाठी किंवा अंगणवाडीच्या पाण्याच्या सोयीसाठी योजता येईल.

शिक्षकांना वर्गातच एक प्रयोग करता येईल. मुलांनी घरून चिमूटभर मीठ आणावे आणि आयोडीन तपासणीच्या द्रावणाचा थेंब त्यावर टाकून निळसर-जांभळा रंग येतो की नाही ते पाहावे. दुसऱ्या दिवशी घरोघर मीठ कसे साठविले जाते, याची चर्चा आपोआप होईल. त्याचप्रमाणे खेळाचा तास कोणत्याही कारणास्तव बुडवू नये. मुलीही मैदानावर उतरतील, अशी व्यवस्था असावी. ज्या वयात हाडे व स्नायू घडतात, त्याच वयात मुलींचे खेळणे थांबते, ही मोठी हानी आहे.

उजनी धरणाचे पाणी आल्यापासून जिल्ह्यात ऊस फोफावला आणि पुष्कळ ठिकाणी ज्वारी व कडधान्यांची जागा त्याने घेतली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु पूर्वी रानातून थेट घरात येणारे हुलगे, मटकी, तूर व जवस आता विकत आणावे लागतात, आणि विकत आणावयाच्या वस्तूंच्या यादीत त्यांच्या आधी साखर, तेल व बिस्किटे येतात. प्रत्येक बागाईतदाराने बांधावर व एखाद्या वाफ्यात घरापुरते कडधान्य व पालेभाजी राखली, तर जमीन व घर दोन्ही सुधारतील.

श्रोतेहो, चयापचय वाढविणारा एखादा पदार्थ हाती लागेल, या आशेने ज्यांनी हा विषय ऐकला असेल, त्यांची थोडी निराशा झाली असेल. तसा पदार्थ नाही. पोटभर व वेळेवर मिळणारे जेवण, भाकरीच्या शेजारी रोज डाळ किंवा उसळ, पालेभाजीवर लिंबाची फोड, आयोडीनयुक्त मीठ, स्वच्छ पाणी आणि अंगास घाम आणणारे काम किंवा खेळ, एवढ्या गोष्टींनी देहातील अग्नी नीट तेवत राहतो. यांपैकी बहुतेक गोष्टी मोडनिंबच्या शिवारात आणि बाजारात उपलब्ध आहेत. त्या घरातील शेवटी जेवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहण्याचे काम मात्र पंचायत, शाळा व अंगणवाडी यांनी मिळून करावयाचे आहे. आज रात्री घरोघरी ताटे वाढली जातील, तेव्हा शेवटच्या ताटात आमटी किती उरली आहे, एवढे पाहिले तरी या कामास प्रारंभ झाला, असे म्हणता येईल.